ऑक्साइड विद्युत् अग्रे, पुनर्भारणीय घटांतील

पुनःपुन्हा विद्युत् भारित करून वापरता येणाऱ्या घटातील ज्या भागांवर रासायनिक विक्रिया होऊन ऊर्जा साठविली जाते व परत मिळते, असे धातूंच्या ऑक्साइडांचे बनविलेले भाग. मोटारगाडीच्या व घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिशाचे डाय-ऑक्साइड, निकेल-कॅडमियम घटात निकेलाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि मोबाइल दूरध्वनीच्या घटात लिथियम व कोबाल्ट यांचे संयुक्त ऑक्साइड अशी ही अग्रे असतात. १९९० नंतरच्या काळात अशा ऑक्साइडांचे कण अब्जांश मीटर मापाचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्षाव्या भागाच्या पटीत मोजावे लागतील इतके सूक्ष्म, बनविण्याकडे संशोधकांचा कल झाला आहे. प्रस्तुत नोंदीत या अग्रांचे कार्य, कण सूक्ष्म केल्याने होणारे लाभ व हानी आणि जालना जिल्ह्यातील पोलाद कारखान्यांत विपुल मिळणारे लोखंडाचे ऑक्साइड या कामी कितपत योग्य ठरेल, यांचा विचार केला आहे.

धनाग्र व ऋणाग्र या संज्ञा विद्युत् विच्छेदनातून आलेल्या असून त्यांचा अर्थ प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून असतो. पुनर्भारणीय घटात ही दिशा प्रत्येक वेळी उलटते. म्हणून ज्या अग्राचे विद्युत् वर्चस् अधिक असते त्याला येथे भारण व विसर्जन या दोन्ही वेळी ‘धन अग्र’ व दुसऱ्याला ‘ऋण अग्र’ असे म्हटले आहे.

इतिहास : पहिला व्यावहारिक पुनर्भारणीय घट जी. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये बनविला. त्यात शिशाचे डाय-ऑक्साइड व शिसे ही दोन अग्रे सल्फ्यूरिक अम्लात बुडविलेली होती. हा घट दीडशेहून अधिक वर्षांनंतरही वापरात आहे. स्वीडनमधील व्हाल्डमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट व टॉमस एडिसन यांनी १९०१ च्या सुमारास निकेल-लोखंड घट तयार केला. जे. बी. गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सफर्ड येथे १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धन अग्र शोधून काढले. आकिरा योशिनो या जपानी शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्याला कार्बनाच्या ऋण अग्राची जोड दिली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये हा घट बाजारात आणला. या कार्याबद्दल गुडइनफ, योशिनो आणि १९७० नंतरच्या दशकात टिटॅनियम डायसल्फाइडावर पायाभूत काम केलेले एम. एस. व्हिटिंगहॅम यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

रचना व कार्य : शिशाच्या घटात विसर्जनाच्या वेळी डाय-ऑक्साइडाचा स्फटिक मोडतो आणि त्याच्या जागी शिशाचे सल्फेट बनते. भारणाच्या वेळी सल्फेट मोडून पुन्हा डाय-ऑक्साइड बनते. दरवेळी घर पाडून तेच घर पुन्हा बांधण्यासारखा हा प्रकार आहे. बांधकाम कधीही पूर्ववत होत नाही, काही माल गळून तळाशी साचतो आणि घट विसर्जित अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिल्यास सल्फेटाचे मोठे, सहज न विरघळणारे स्फटिक तयार होतात. इन्व्हर्टरची बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेल्या स्थितीत ठेवल्यास ती निकामी होते, याचे कारण हेच.

लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाची रीत निराळी आहे. त्यात कोबाल्ट व ऑक्सिजन यांचे थर एकावर एक रचलेले असून त्यांच्या दरम्यान लिथियमाचे आयन बसलेले असतात. भारणाच्या वेळी हे आयन थरांमधून बाहेर पडून विद्युत् विच्छेद्यामार्गे ग्रॅफाइटाच्या ऋण अग्रात शिरतात आणि तितकेच इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून तिकडे जातात. विसर्जनाच्या वेळी हा प्रवास उलट होतो. फडताळाच्या खणांत वस्तू ठेवाव्यात व काढाव्यात त्याप्रमाणे आयनांची ये-जा होते. फडताळ जागेवर राहते. या क्रियेस अंतर्वेशन म्हणतात. मात्र खण पूर्ण रिकामे करता येत नाहीत. सूत्रानुसार या ऑक्साइडाची धारणक्षमता दर ग्रॅमला २७४ मिलिअँपिअर-तास भरते, पण निम्म्याहून फारसे अधिक लिथियम काढल्यास थर अस्थिर होऊन ऑक्सिजन सुटू लागतो. त्यामुळे नेहमीच्या वापरात सु. १४० मिलिअँपिअर-तासच मिळतात.

लिथियम मँगॅनीज ऑक्साइडात थरांऐवजी तीन दिशांनी जाणारे बोगदे असतात. एम. एम. थॅकरी यांनी गुडइनफ यांच्यासमवेत १९८३ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची प्रत्यक्ष धारणक्षमता सु. ११० ते १२०, म्हणजे कोबाल्टाच्या ऑक्साइडाहून कमी आहे, पण ते स्वस्त असते आणि उष्णतेने सहसा पेट घेत नाही. लिथियम टिटॅनियम ऑक्साइड हे ऋण अग्र म्हणून वापरतात. लिथियम आत शिरताना त्याच्या स्फटिकाच्या आकारमानात होणारा बदल एक टक्क्याहून पुष्कळच कमी असल्याने ते सहस्रावधी वेळा भारित करता येते. घटाचा विद्युत् दाब मात्र त्यामुळे सु. दीड व्होल्टने घटतो.

लोखंड, कोबाल्ट, निकेल इत्यादींच्या साध्या ऑक्साइडांत असे खण वा बोगदे उपयोगी पडतील इतके नसतात. तरीही फ्रान्समधील अम्येँ येथील झां-मारी तारास्काँ व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये असे दाखवून दिले की, ही ऑक्साइडे अब्जांश मापाच्या कणांच्या स्वरूपात घेतल्यास लिथियम त्यांच्याशी सरळ विक्रिया करते, ऑक्साइडाचे क्षपण होऊन धातूचे अतिसूक्ष्म कण व लिथियम ऑक्साइड बनते आणि भारण उलटविल्यावर पुन्हा धातूचे ऑक्साइड मिळते. ही रूपांतर विक्रिया होय. हीत शिशाच्या घटाप्रमाणेच घर पाडावे लागते, फक्त विटा इतक्या लहान असतात की, त्या हाताशीच राहतात. लोखंडाच्या फेरिक ऑक्साइडाचा एक रेणू या रीतीने लिथियमाचे सहा अणू स्वीकारतो. त्यामुळे त्याची सैद्धांतिक धारणक्षमता दर ग्रॅमला सु. १,००७ मिलिअँपिअर-तास येते. ग्रॅफाइटाची ३७२ आहे. या एका तुलनेने गेल्या दोन दशकांत अनेक प्रयोगशाळांना या विषयाकडे ओढले.

कणांचे आकारमान : घन पदार्थात आयन विसरणाने पुढे सरकतात आणि विसरणास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विसरण गुणांक दर सेकंदास १ चौ. सेंमी.चा एक लक्षकोट्यंश भाग आहे असे धरल्यास, ५ सहस्रांश मिमी. अंतर तोडण्यास आयनाला सु. ७० तास लागतील, तर याच्या शंभराव्या हिश्शाचे, म्हणजे ५० अब्जांश मी. अंतर तोडण्यास केवळ २५ सेकंद पुरतील. अंतर शंभर पटींनी घटले की, काळ दहा हजार पटींनी घटतो. जलद भारणासाठी कण सूक्ष्म करतात ते यासाठी. शिवाय सूक्ष्म कण आकारमानातील बदलाचा ताण न तडकता सोसतात.

या लाभाची किंमत पृष्ठभागाच्या रूपाने मोजावी लागते. फेरिक ऑक्साइडाची घनता दर घ. सेंमी.ला सु. ५.२४ ग्रॅ. आहे. त्याचे १० सहस्रांश मिमी. व्यासाचे गोल कण घेतल्यास १ ग्रॅ. चूर्णाचा पृष्ठभाग जेमतेम ०.११ चौ. मी. भरतो, तर ५० अब्जांश मी. व्यासाच्या कणांचा सु. २३ चौ. मी., म्हणजे एका खोलीच्या जमिनीएवढा होतो. या सर्व पृष्ठभागावर विद्युत् विच्छेद्याचे विघटन होऊन एक पातळ पापुद्रा बसतो व त्यात लिथियम कायमचे अडकते. पहिल्याच भारणात काही धारणक्षमता वाया जाते, ती प्रामुख्याने यामुळे. याखेरीज सूक्ष्म चूर्ण फुगीर असते. ते दाबून बसत नाही, त्याला बांधून ठेवण्यास अधिक डिंकासारखे द्रव्य व विद्युत् संवहनासाठी अधिक काजळी मिसळावी लागते. त्यामुळे तेवढ्याच जागेत प्रत्यक्ष ऑक्साइड कमी मावते. कारखान्यांत म्हणूनच बहुधा मधला मार्ग पत्करतात : सूक्ष्म कणांचे काही सहस्रांश मिमी. व्यासाचे गोळे बनवून ते वापरतात.

निर्मिती : विद्रावातून अवक्षेप मिळवून तो भाजणे, जेलमार्गे सुकविणे, बंद पात्रात दाबाखाली पाणी तापवून स्फटिक वाढविणे अशा अनेक पद्धती आहेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती रासायनिक अवगाहन पद्धती. हीत धातूच्या लवणाच्या विद्रावात काच किंवा पोलादाचा पत्रा बुडवून ठेवतात व त्यावर ऑक्साइडाचा वा हायड्रॉक्साइडाचा पातळ थर सावकाश बसू देतात. दोन विद्रावांत आळीपाळीने बुडवून एकेक आयनी थर चढविण्याचा प्रकारही असाच आहे. निर्वात पंप किंवा महागडी साधने लागत नाहीत. चंचुपात्र, तापक व तापमापक पुरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे व त्यांचे विद्यार्थी यांनी या पद्धतींनी अनेक धातूंच्या ऑक्साइडांचे थर बनवून त्यांचा महाधारित्रांसाठी अभ्यास केला. या विषयावरील त्यांचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही अशाच प्रकारचे संशोधन झाले आहे. साधनांची टंचाई असलेल्या जिल्ह्यांत हा विषय रुजला तो या पद्धतींच्या साधेपणामुळे.

जालना जिल्हा व लोखंडाचे ऑक्साइड : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेल्या या जिल्ह्यात लोखंडाच्या खाणी नाहीत. तरीही जालना शहराच्या औद्योगिक वसाहती भंगार व स्पंज आयर्न प्रवर्तन भट्ट्यांत वितळवून बांधकामाच्या सळ्या बनविण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. लाटण गिरण्यांत, म्हणजे बोलभाषेतील रोलिंग मिलमध्ये, लालबुंद बिलेट रुळांखालून जात असता त्याच्या पृष्ठभागाचे हवेने ऑक्सिडीकरण होते व काळसर खपल्या गळून पडतात. ‘मिल स्केल’ या नावाने त्यांचा व्यापार चालतो व सिमेंटच्या भट्ट्यांत त्यांचा उपयोग करतात. सामान्यतः लाटलेल्या पोलादाच्या सु. १ ते ३ टक्के भाग असा खपल्यांच्या रूपाने जातो. खपलीत आतून बाहेर फेरस ऑक्साइड, मॅग्नेटाइट व हेमॅटाइट असे तीन थर असतात. या तिन्ही ऑक्साइडांत सूत्रानुसार वजनाने ७० ते ७८ टक्के लोखंड असते, तेव्हा खनिज म्हणून पाहिल्यास ही खपली उत्तम प्रतीची ठरते.

तिच्यापासून अग्रायोग्य चूर्ण करणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही. खपली भाजून तिच्यातील वंगण घालवितात, हायड्रोक्लोरिक अम्लात ती विरघळवितात, विद्राव गाळून त्याचे ऑक्सिडीकरण करतात, अमोनियाने हायड्रॉक्साइडाचा तांबूस अवक्षेप पाडतात आणि तो धुऊन ४०० ते ५००° से. तापमानास भाजतात. मिळणारे हेमॅटाइट काही दशक अब्जांश मी. मापाचे असते. भंगारातून आलेले मँगॅनीज, सिलिकॉन, तांबे यांचे अंश काढून टाकण्यास मात्र अधिक दक्षता लागते. अडचण धुण्यात आहे. सर्व लोखंड फेरिक क्लोराइडाच्या रूपात असल्यास १ किग्रॅ. ऑक्साइडामागे सु. २ किग्रॅ. अमोनियम क्लोराइड पाण्यात जाते आणि ते अवक्षेपातून पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहावे लागते. १९७२ व २०१२–१३ या वर्षांच्या दुष्काळांची झळ सोसलेल्या जिल्ह्यात या हिशोबाकडे दुर्लक्ष करता येत नाही. प्रयोगशाळेत ५ ग्रॅ. चूर्ण करताना हे पाणी बेसिनमधून वाहून जाते व कोणाच्या ध्यानात येत नाही. अम्ल परत मिळविणारी फवारा-भर्जन पद्धती मोठ्या पोलाद कारखान्यांत रूढ असून तिचा येथे अवलंब करणे अधिक शहाणपणाचे होईल. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ मध्ये जालना येथे सुरू झाला. त्यामुळे या प्रकारच्या प्रक्रिया-अभियांत्रिकीस लागणारे शिक्षण जिल्ह्यातच मिळू लागले आहे.

धारणक्षमता आणि ऊर्जा : असे चूर्ण लिथियमाच्या घटात घातल्यास काय मिळेल, हे साध्या अंकगणिताने पाहता येते. धन अग्र दर ग्रॅमला १४० मिलिअँपिअर-तासांचे व ऋण अग्र ३७२ चे (ग्रॅफाइट) असल्यास दोन्हींचे एकत्रित वजन धरून दर ग्रॅमला सु. १०२ मिलिअँपिअर-तास मिळतात. ग्रॅफाइटाऐवजी १,००० चे लोखंडी ऑक्साइड घेतल्यास सु. १२३ मिळतात. ऋण अग्राची क्षमता जवळजवळ तिप्पट झाली असता घटाची क्षमता केवळ एकपंचमांशाने वाढते, कारण वजनाचा मोठा भाग धन अग्राचाच असतो. आता विद्युत् दाब पाहू. ग्रॅफाइट आपले लिथियम, शुद्ध लिथियमाच्या वर्चसापेक्षा, ०.२ व्होल्टच्या आत परत देते व घट सु. ३.७ व्होल्टचा होतो. फेरिक ऑक्साइड ते सरासरी १.७ व्होल्टच्या आसपास परत देते व घट सु. २.२ व्होल्टचाच राहतो. दाब व क्षमता यांचा गुणाकार केल्यास पहिल्या घटात दर किलोग्रॅमला सु. ३७६ वॉट-तास व दुसऱ्यात सु. २७० वॉट-तास ऊर्जा येते. अधिक ‘क्षमतेचे’ अग्र घालून कमी ऊर्जेचा घट तयार होतो.

याहून गंभीर दोष म्हणजे लिथियम आत घेताना हेच ऑक्साइड सरासरी ०.८ व्होल्टच्या जवळपास घेते. म्हणजे घट ३.१ व्होल्टने भारित करावा लागतो व परत २.२ व्होल्ट मिळतात. साठविलेल्या ऊर्जेपैकी तीन दशांशांच्या आसपास उष्णतेच्या रूपाने जाते. कण कितीही सूक्ष्म केले तरी हा फरक पूर्णपणे जात नाही, कारण तो बंध तोडणे व जोडणे यांच्या मार्गांतील भेदातून येतो.

शोधनिबंधांत हे सहसा दिसत नाही. तेथे ऑक्साइडाची चाचणी बहुधा शुद्ध लिथियमाच्या पत्र्यासमोर घेतलेली असते आणि आकडा केवळ ऑक्साइडाच्या ग्रॅममागे दिलेला असतो. १ चौ. सेंमी. क्षेत्रावर १ मिग्रॅ. वा त्याहून कमी ऑक्साइड असलेल्या थरावर ही मोजमापे घेतात, तर व्यापारी घटाच्या अग्रावर तेवढ्याच क्षेत्रावर १० ते २० मिग्रॅ. लेप असतो. पातळ थरात सर्व कणांपर्यंत आयन व इलेक्ट्रॉन सहज पोहोचतात, जाड लेपात तसे होत नाही. यूरी गोगोत्सी व पात्रिस सिमाँ यांनी २०११ मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधून केवळ सक्रिय पदार्थाच्या वजनावर आधारलेले आकडे दिशाभूल करतात, असे दाखविले. निकेल व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांना क्षारीय विद्रावात ‘धारित्र’ म्हणून त्यांची फॅरडमध्ये गणना करण्याची प्रथाही अशीच सदोष आहे. त्यांचे विसर्जन घटाप्रमाणे ठराविक दाबाच्या आसपास होते, धारित्राप्रमाणे दाबाच्या सम प्रमाणात होत नाही. चंचुपात्रातील थर विद्यार्थ्याला विद्युत् रसायनशास्त्र उत्तम शिकवितो. फक्त त्यावरील आकडा घटाचा म्हणून सांगू नये.

मँगॅनीज व सोडियम : महाराष्ट्राच्या दृष्टीने धन अग्रासाठी मँगॅनीज अधिक आशादायक आहे. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत आणि लगतच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मँगॅनिजाच्या खाणी आहेत. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉइल या सार्वजनिक कंपनीची भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघडी खाण डाय-ऑक्साइडयुक्त खनिजासाठी ओळखली जाते व तेथे विद्युत् विच्छेदनाने शुद्ध मँगॅनीज डाय-ऑक्साइड बनविण्याचा कारखानाही कंपनीने उभारला. हे द्रव्य मुख्यतः कोरड्या, म्हणजे एकदाच वापरायच्या घटांसाठी आहे, परंतु लिथियम मँगॅनीज ऑक्साइड तयार करण्यास असेच डाय-ऑक्साइड कच्चा माल म्हणून चालते. उष्णता हा या अग्राचा वैरी आहे. विसर्जित अवस्थेत त्यातील त्रिसंयुजी मँगॅनिजाचे द्विसंयुजी व चतुःसंयुजी असे विभाजन होते आणि द्विसंयुजी मँगॅनीज विरघळून ऋण अग्रावर जाऊन बसते. ५५° से. च्या सुमारास ही झीज लक्षणीय होते. मराठवाड्यात मे महिन्यात हवेचेच तापमान ४०° से. च्या वर जाते. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात घट किती तापेल हे पाहूनच अशा घटांची निवड केली पाहिजे. येथे कण सूक्ष्म करणे अपायकारक ठरते, कारण पृष्ठभाग वाढला की विरघळणेही वाढते.

लोखंड व मँगॅनीज या दोन्हींचा एकत्र उपयोग सोडियमाच्या घटात होऊ शकतो. एन. याबुउची, एस. कोमाबा व त्यांचे सहकारी या जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये सोडियम, लोखंड व मँगॅनीज यांचे थरयुक्त ऑक्साइड बनवून त्यापासून दर ग्रॅमला सु. १९० मिलिअँपिअर-तास मिळविले. लिथियमाच्या अशाच ऑक्साइडांत लोखंड फारसे उपयोगी पडत नाही, सोडियमाच्या संगतीत मात्र ते काम देते. त्यात कोबाल्ट व निकेल नाहीत. सोडियम ॲल्युमिनियमाशी मिश्रधातू बनवीत नसल्यामुळे ऋण अग्राखालचा तांब्याचा पत्राही वाचतो. हे ऑक्साइड दमट हवेत बिघडते व भारण-विसर्जनाच्या आवृत्तींत त्याची क्षमता घटत जाते, हे त्याचे दोष होत. पुण्याची केपीआयटी ही कंपनी व तेथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर) यांनी मिळून विकसित केलेले सोडियम-आयन घटाचे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर करण्यात आले.

जालन्याच्या खपलीला शोभणारे स्थान वाहनापेक्षा जमिनीवर स्थिर ठेवलेल्या घटात अधिक असावे. एडिसन यांच्या घटाचे ऋण अग्र लोखंडाचेच होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात विसर्जनाच्या वेळी लोखंडाचे हायड्रॉक्साइड बनते व भारणाच्या वेळी पुन्हा लोखंड मिळते. घट जड असतो, दाब १.२ व्होल्टच भरतो, भारण करताना हायड्रोजन सुटतो व नुसता ठेवला तरी तो हळूहळू उतरतो. पण तो दुर्लक्ष व गैरवापर सोसतो आणि त्यात पेट घेणारा द्रव नसतो. सौर विद्युत् केंद्राच्या आवारात वजनाला महत्त्व नाही. अमेरिकेतील फॉर्म एनर्जी या कंपनीने २०२१ मध्ये याच लोखंडी ऋण अग्राला हवेतील ऑक्सिजनावर चालणाऱ्या धन अग्राची जोड देऊन १०० तास वीज पुरविणारा घट जाहीर केला. अशा घटास लागणारे लोखंड अब्जांश मापाचे असण्याची आवश्यकता नाही. सच्छिद्र व भरड असले तरी चालते आणि ते खपलीचे हायड्रोजनाने क्षपण करून, पाण्याशिवाय, मिळविता येते.